आठ मुसळांची गाडी

मित्रांनो, येरमाळ्याहून धाराशिवकडे निघालात की गाव संपता संपता डाव्या हाताला एक पत्र्याचं शेड लागतं. शेडाच्या कोपऱ्यात विटा रचून त्यांवर एक लांब नाकाची, दोन दारांची लाल गाडी टेकवलेली आहे. लाल आपलं जुन्या ओळखीवर म्हणायचं. आता तो रंग वाळल्या मिरचीसारखा झाला आहे. ती जुनी गाडी मी. माझ्या नाकात इंजिन नाही. बॉनेट उचलून पाहिलंत तर चिमणीचं घरटं आणि दोन लोंबत्या वायरी दिसतील. तरीही मी बोलते आहे, कारण हे सगळं पाहिलेली आणि कुणापाशी न बोललेली मी एकटीच उरले आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या डेट्रॉईटजवळचा, १९६९ सालचा. त्या काळी तिथल्या तरुण पोरांना वेगाचं वेड लागलं होतं, पण शर्यतीची गाडी घेण्याची ऐपत कुणाची नव्हती. तेव्हा काही इंजिनिअरांनी एक खोडसाळपणा केला. मोठ्या, जड गाडीचं आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन त्यांनी मधल्या चणीच्या हलक्या गाडीत बसवलं. पैलवानाचं काळीज कॉलेजच्या पोराच्या छातीत बसवावं तसा तो प्रकार. बाकी थाटमाट काही नाही. गाद्या साध्या, काचा हाताने फिरवायच्या. सगळी हौस इंजिनात. सिग्नल हिरवा झाला की पुढच्या सिग्नलपर्यंत आधी कोण पोचतो, एवढ्यासाठीच आम्ही जन्मलो होतो. आम्हाला ते लोक ‘मसल कार’ म्हणत. मसल म्हणजे दंडातली बेटकुळी. पुढे पेट्रोल महागलं, कायदे कडक झाले आणि दहा वर्षांच्या आत आमची जात संपली.

आमचं एवढं काय आवडायचं लोकांना? बहुतेक जण वेगाचं नाव सांगतील. मी सांगते, आमचं उभ्या जागी घुडघुडणं. गाडी हलतही नाही, पण शेजारी उभ्या माणसाच्या बरगड्यांत काहीतरी हलतं. कानाच्या आधी अंगाला कळतं. हे वाक्य लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

एका परदेशी साहेबाबरोबर बोटीने मी मुंबईला आले. साहेबाची बदली झाली, माझा लिलाव झाला आणि सोलापूरच्या एका थिएटरमालकाने मला घेतलं. नव्या सिनेमाची पोस्टरं दारांना चिकटवून तो मला गावभर मिरवायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण मी पेट्रोल पिते म्हणजे नुसती पिते. त्याची हौस फिटली तसं त्याने मला थिएटरच्या मागे उभं केलं. मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी वीस वर्षं काढली. उंदरांनी गाद्या खाल्ल्या, टायर जमिनीला चिकटले.

मग महारुद्र आला. येरमाळ्याच्या हायवेवर त्याचं ट्रक-ट्रॅक्टर दुरुस्तीचं शेड होतं. थिएटरचा जनरेटर बसवायला म्हणून तो सोलापूरला आला होता. परत निघताना त्याने मला पाहिलं आणि तिथेच उकिडवा बसला. थिएटरच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने त्याला सांगितलं की ही मसल कार हाय. ड्रायव्हरच्या तोंडात तंबाखू. महारुद्रला ऐकू आलं, मुसळ कार.

त्याला ते लगेच पटलं. इंजिनाचा पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली होतो तो काय वेगळा? उखळात मुसळ चालतं तसाच. आठ उखळं, आठ मुसळं. पुढे शिकलेल्या माणसांनी त्याला कितीदा समजावलं की बाबा, मसल म्हणजे ताकद. तो ऐकून घ्यायचा आणि पुन्हा मुसळच म्हणायचा. मालकाने त्याला ‘घेऊन जा एकदाची’ म्हटलं. ट्रकवर चढवून त्याने मला घरी आणलं, तर बायको गजराबाई दारात कमरेवर हात देऊन उभी. घरात बसायला धड खुर्ची नाही आणि तुम्ही मढं उचलून आणलं, असं ती म्हणाली. चूक नव्हतं तिचं.

त्या दोघांना शिवांजली नावाची एकच मुलगी. तीन वर्षांची होईपर्यंत ती बोलली नाही. एका दिवाळीत तिच्या पाठीमागे सुतळी बॉम्ब फुटला आणि ती नुसती पणतीकडे पाहत राहिली, तेव्हा दोघं तिला उचलून दवाखान्यात धावले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हिला जन्मापासूनच ऐकू येत नाही, यंत्राचाही फारसा उपयोग नाही. त्यानंतर महारुद्र जास्त वेळ माझ्याखालीच पडून असायचा. माणसाला रडायला गाडीखालची जागा फार सोयीची असते.

दोन वर्षं त्याने मला दुरुस्त केलं. सुटे भाग मिळत नव्हते, म्हणून कुठलं ट्रकचं, कुठलं ट्रॅक्टरचं कातून बसवलं. आठही पिस्टन बाहेर काढले, घासले, आणि कुठला कुठे जातो हे चुकू नये म्हणून प्रत्येकाच्या माथ्यावर छिन्नीने मराठी आकडा कोरला. अमेरिकेत जन्मलेल्या माझ्या पोटात एक ते आठ असे मराठी आकडे होते, हे तिथल्या इंजिनिअरांना कळलं असतं तर त्यांना किती मौज वाटली असती.

एका संध्याकाळी मी सुरू झाले. कोंबड्या पांगल्या. गजराबाई पिठाच्या हातांनी बाहेर धावली. शिवांजली शेडाच्या दाराशी पाठमोरी बसून नटबोल्टशी खेळत होती. तिने मान वर केली, हातातला नट खाली ठेवला आणि वळून माझ्याकडे पाहिलं. गजराबाईला वाटलं पोरीला ऐकू आलं. तसं नव्हतं. माझं घुडघुडणं जमिनीतून तिच्या मांड्यांपर्यंत पोचलं होतं. ती उठून आली, दोन्ही तळवे माझ्या बॉनेटवर ठेवले, मग गाल ठेवला आणि हसली. इतकं हसली की महारुद्रने तोंड फिरवलं. मित्रांनो, मी शर्यतीसाठी जन्मले होते. पण माझा खरा जन्म त्या दिवशीचा, असं मी मानते.

माझ्यात एक खोट होती. सात ठोके बरोबर पडायचे आणि आठवा जरा अडखळून यायचा. शिवांजली त्या आठव्याची वाट बघायची. तो आला की खुदकन हसायची. एकदा महारुद्रने दिवसभर खपून ती खोट काढली. दुसऱ्या दिवशी पोरीने तळवा ठेवला, कपाळाला आठ्या घातल्या आणि जोरजोरात मान हलवली. ही आपली गाडी नव्हेच, असं तिचं म्हणणं. शेवटी बिचाऱ्याने आपल्याच हाताने मला पुन्हा बिघडवलं.

त्या दोघांची बोलण्याची भाषाही माझ्यापासूनच सुरू झाली. डाव्या हाताची मूठ पोकळ धरायची, ते उखळ. उजव्या हाताची मूठ त्यात वर-खाली करायची, ते मुसळ. सात वेळा भरभर, मग थांबून आठवं. त्याचा अर्थ गाडी. त्याचा अर्थ पप्पा, चला ना. त्याचा अर्थ मला बरं वाटत नाही, गाडीपाशी न्या. एवढ्या एका खुणेत त्यांचं किती काय मावायचं. पुढे धाराशिवच्या मूकबधिरांच्या शाळेत ती हजार खुणा शिकली, पण सुट्टीला एसटीतून उतरली की लांबूनच आधी ही खूण करायची.

माझं स्टिअरिंग डाव्या बाजूला. त्यामुळे उजवीकडे, जिथे आपल्याकडे ड्रायव्हर बसतो, तिथे शिवांजली ऐटीत बसायची. येडेश्वरीच्या यात्रेला गर्दीतून आम्ही हळूहळू निघालो की लोकांना वाटायचं ही एवढीशी पोर गाडी चालवते आहे. एका पोलिसाने तर शिट्टी वाजवून अडवलं होतं. तो उजवीकडे स्टिअरिंग शोधत राहिला आणि ती त्याला मुसळाची खूण करून दाखवत राहिली.

ती दहा वर्षांची असताना महारुद्रने माझ्या बॉनेटवर हात ठेवून तिला खुणेने एक शब्द दिला होता. लग्न होऊन जाशील तेव्हा याच गाडीतून तुला पाठवीन. तुझा तळवा इथे ठेवून घेईन, मगच गाडी हलेल. पोर लाजली नाही. तिने आईचं कुंकू आणून आपल्या तळव्याला लावलं आणि तो माझ्या बॉनेटवर उमटवला.

आता मी ज्या जागेला आले आहे ना, तिथून पुढे सांगताना मला जड जातं.

शिवांजलीचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच शाळेतला, दोन वर्षं पुढे शिकलेला, लोहाऱ्याचा शिवप्रसाद. त्यालाही ऐकू येत नव्हतं. शिलाईचं काम उत्तम करायचा. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, घरच्यांनी नुसता होकार द्यायचा होता. लग्न येरमाळ्यात आणि पाठवणी लोहाऱ्याला, शंभराच्या वर किलोमीटर. महारुद्रने मला रंग दिला, काचा पुसल्या आणि एकदा लांबचा फेरा मारून पाहावा म्हणून गजराबाईचा भाऊ गोरोबा याला शेजारी बसवून निघाला. येडशीच्या चढावर मी तापले. वाफ आली. मी थांबले ती थांबलेच. एका जीपने दोरी बांधून आम्हाला परत ओढत आणलं. माझं वय झालं होतं, मित्रांनो, पण त्या दिवशी मला स्वतःचा फार राग आला.

गोरोबा मनाने सरळ माणूस. भाचीवर त्याचा जीव. घरी आल्यावर ओट्यावर बसून तो मेहुण्याला हळू आवाजात म्हणाला, “दाजी, राग धरू नका. नवरीची गाडी वाटंत बंद पडली तर लोकं गाडीला नावं ठेवत न्हाईत, पोरीला ठेवत्यात. आपल्या पोरीला आधीच ऐकू येत न्हाय. अजून एक नाव कशाला?”

हे वाक्य महारुद्रच्या वर्मी लागलं. तो दोन दिवस जेवला नाही. भाड्याची मोटार करता आली असती, पण मग पोरीला दिलेला शब्द मोडला असता. शब्दही राहावा आणि गाडीही बंद पडू नये म्हणून त्याने एक तोड काढली. शिवांजली आत्यांकडे केळवणाला गेली होती, त्या आठ दिवसांत त्याने माझं इंजिन काढलं आणि मोडीत निघालेल्या एका काळीपिवळी जीपचं डिझेल इंजिन माझ्यात बसवलं. ते कधी दगा देणारं नव्हतं. सुरू केलं तसं माझं सगळं अंग खडखडलं. महारुद्रने बॉनेटवर आपला तळवा ठेवून पाहिला. हे तर आधीपेक्षा जास्त हादरतंय, तिला कळायचं नाही, असं तो स्वतःशीच म्हणाला. हादरणं म्हणजे हादरणं, असं त्याला वाटलं. एका ठोक्याच्या फरकावरून मान हलवणारी पोर तो विसरला होता का? विसरला नव्हता. भ्याला होता.

माझं खरं इंजिन त्याने शेडामागे ताडपत्रीखाली जपून ठेवलं. चार दिवसांचा प्रश्न आहे, पोर पहिल्यांदा माहेरी यायच्या आत परत बसवतो, असं तो माझ्याशी बोललाही. हे त्याने घरात कुणालाच सांगितलं नाही. तीच दुसरी चूक.

लोहाऱ्याकडच्या पाहुण्यांना पत्रिका द्यायला तो दोन दिवस गेला. इकडे गोरोबाने मांडवासाठी अंगण मोकळं करायला घेतलं. गाडीदुरुस्तीचं शेड ते; मागे स्प्रिंगचे मोडके पाटे, सायलेन्सर, गंजले डबे यांचा ढीग. लग्नघरात हा पसारा कसा शोभेल? त्याने भंगारवाल्याचा टेम्पो बोलावला आणि ढीग उचलून दिला. ताडपत्रीखालचं लोखंडही त्या ढिगातलंच, असं त्याला वाटलं. चार माणसांनी ‘हय्या’ म्हणत माझं काळीज टेम्पोत चढवलं. मी शेडातून पाहत होते. ओरडायला माझ्यापाशी आवाज होता तोही जीपचा, आणि तो चावी फिरवल्याशिवाय निघत नव्हता.

महारुद्र परत आला तेव्हा त्या मोकळ्या जागेवर मुहूर्तमेढ रोवलेली होती. आंब्याचे डहाळे बांधलेले, हळदकुंकू वाहिलेलं. गोरोबा अभिमानाने दाखवत होता की बगा दाजी, कसं चकाचक केलं. महारुद्र त्या मेढीकडे पाहत राहिला. ओरडता येईना, कारण घर लग्नाचं. गोरोबाला बोल लावता येईना, कारण तो नवरीचा मामा, अंतरपाटाशी तोच तिच्यामागे उभा राहणार. महारुद्र मोटारसायकलवर भंगारवाल्याकडे जाऊन आला. लोखंड आदल्या दिवशीच्या ट्रकने वितळायला जालन्याला गेलं होतं. महारुद्र माझ्यात येऊन बसला आणि दार लावून घेतलं. त्यानंतर तोंड धुऊन मांडवात गेला आणि सगळ्यांशी हसून बोलला.

हळदीच्या दिवशी बायकांनी घाणा भरला. दोन मुसळं जोडून बांधली, त्यांना आंब्याची पानं आणि हळकुंड बांधलं, आणि सुवासिनी गाणी म्हणत हळद कांडू लागल्या. शिवांजलीला गाणी ऐकू येत नव्हती, पण मुसळाला हात लावल्यावर ठोके कळत होते. तिने शेडाकडे, माझ्याकडे पाहिलं आणि वडिलांना चिडवायला खूण केली. सात भरभर, थांबून आठवं. गाडी सुरू करा ना. महारुद्रने खुणेनेच सांगितलं, उद्या.

तो उद्या आला. अक्षता पडल्या, जेवणं झाली, पाठवणीची वेळ झाली. मला झेंडूच्या माळा घातलेल्या. महारुद्रने चावी फिरवली. जीपचं इंजिन लगेच सुरू झालं. रडून डोळे सुजलेली शिवांजली आईच्या गळ्यातून सुटून माझ्यापाशी आली आणि तिने हिरव्या चुड्याचा हात माझ्या बॉनेटवर ठेवला.

एका क्षणात तिचं रडणं थांबलं. तिने दुसरा तळवा ठेवला. मग वाकून, मुंडावळ्या बाजूला करून गाल टेकवला. लोकांना वाटलं पोर गाडीच्या पाया पडते आहे. ती आठव्या ठोक्याची वाट पाहत होती. ती सरळ झाली, वडिलांकडे वळली आणि तिने खूण केली. उखळ, मुसळ, आणि मग दोन्ही हात उघडून, कुठे आहे?

सगळा मांडव पाहत होता. महारुद्रने माझ्या बॉनेटवर थाप मारली आणि हसून खूण केली, इथेच.

ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. ऐकू न येणारी माणसं चेहरा वाचतात, त्यांना खोटं सांगणं फार अवघड. ती वळली आणि उजवीकडच्या आपल्या नेहमीच्या जागी बसली. शिवप्रसाद मागे बसला. गाडी हलली तसे तिने दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले आणि मांडी घातली. माझी फरशी तिला पायांनाही लागू द्यायची नव्हती. लोहाऱ्यापर्यंत ती तशीच बसून गेली.

मी वाटेत कुठेही बंद पडले नाही. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. पन्नास वर्षांची म्हातारी, पण काय दमदार, असं वऱ्हाडी म्हणाले. कुणीतरी मला नारळ फोडला. मला आयुष्यात कौतुकाची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

त्यानंतर ती माहेरी यायची. पंचमीला यायची, दिवाळीला यायची. आईच्या मांडीवर डोकं ठेवायची, वडिलांना आवडते म्हणून धपाटे करायची. भांडण असं कधी झालंच नाही. फक्त शेडात ती आली नाही आणि ती खूण तिने पुन्हा केली नाही. महारुद्रने एकदोनदा हातांनी सुरुवात केली, तर ती दुसरीकडे पाहू लागली. एकदा तिने मोबाईलवर लिहून विचारलं, “पप्पा, इंजन कुठं हाय?” त्याने लिहिलं, “दुरुस्तीला दिलंय.” एक खोटं झाकायला दुसरं. ते दुसरं सहा वर्षं टिकलं.

खरं सांगायला काय हरकत होती? गोरोबाला कायमचं अपराधी वाटेल, ही एक भीती. पोर म्हणेल, मला न विचारता का केलंत, ही दुसरी. दुसरी मोठी होती. तो मला सोडून कुणाशी हे बोलला नाही. मधल्या काळात त्याने ते डिझेल इंजिन काढून एका गरजू जीपवाल्याला देऊन टाकलं आणि मला विटांवर चढवलं. सुट्टीच्या दिवशी तो भंगाराची दुकानं पालथी घालायचा. वाशी, कळंब, बार्शी, कुठे म्हणून राहिला नाही. आणि कळंबच्या एका दुकानात, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून उंबऱ्याशी ठेवलेला एक पिस्टन त्याला सापडला. पिस्टन ॲल्युमिनियमचे, लोखंडाच्या भंगारातून वेगळे काढतात, म्हणून तो वाचला होता. महारुद्रने तो उलटा केला, माथा अंगठ्याने घासला. काजळीखालून मराठी आकडा वर आला. आठ.

तो त्याने धुऊन, तेल लावून, पिवळ्या फडक्यात गुंडाळून माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला. ती आली की दाखवीन आणि सगळं सांगीन, असं त्याने मला सांगितलं. ती पंचमीला आली, गेली. दिवाळीला आली, गेली. दर वेळी तो शेडाच्या दारापर्यंत यायचा आणि परत जायचा.

मागच्या वर्षी त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून आणल्यावर त्याने हट्टाने शेडातच, माझ्याशेजारी बाज टाकायला लावली. शिवांजली तेव्हा लोहाऱ्याला बाळंतीण होती. ओल्या बाळंतिणीला धक्का नको म्हणून तिला कळवलं नव्हतं. तो दिवसभर डावा हात पुढे करायचा आणि मूठ पोकळ धरायचा. जो येईल त्याच्यापुढे तेच. गजराबाई म्हणायची, पाणी मागत्यात. आणि ती त्या मुठीत पेला द्यायची. तो पेला ढकलायचा. मग कुणी केळं द्यायचं, कुणी जपमाळ द्यायचं. गोरोबा रोज येऊन पाय चेपायचा. तोही एकदा त्या मुठीत बिस्किट ठेवून डोळे पुसत निघून गेला. अर्धी खूण होती ती. उखळ होतं. मुसळ धरणारा उजवा हात अंगाशी लाकडासारखा पडला होता. तीन आठवडे तो माणूस उखळ पुढे करत होता आणि लोक त्यात पाणी ओतत होते. मला सगळं कळत होतं. माझ्या नाकात चिमणीने घर केलं होतं.

मग तिला निरोप गेला आणि ती आली. तान्हं बाळ आईच्या हाती देऊन थेट बाजेशी गेली. महारुद्रने तिला पाहिलं आणि हात पुढे केला. गजराबाई सवयीने म्हणाली, “पाणी दे गं त्यास्नी.” शिवांजलीला ते ऐकू आलं नाही. देवाने तिचे कान बंद केले त्याबद्दल मी एवढ्या एका वेळेपुरते त्याचे आभार मानते.

तिने त्या मुठीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आपली उजवी मूठ वळली आणि वडिलांच्या पोकळ मुठीत अलगद टेकवली. वर उचलली, खाली आणली. सात वेळा भरभर. थांबली. आठवं. महारुद्रच्या घशातून कसलासा आवाज निघाला. त्याने डोळ्यांनी माझ्याकडे दाखवलं.

सहा वर्षांनी तिने माझं दार उघडलं. वडिलांच्या नजरेच्या रोखाने डॅशबोर्डचा कप्पा उघडला, त्यातलं फडकं काढलं, सोडलं. पिस्टन उलटा करून माथ्यावरचा आकडा बोटाने चाचपला. मेकॅनिकची मुलगी ती. आठातला एकच हाती आला म्हणजे बाकीच्यांचं काय झालं, हे तिला विचारावं लागलं नाही. तिने तो अडखळणारा आठवा नेऊन वडिलांच्या पोकळ मुठीत ठेवला आणि त्यांच्या बोटांवर आपली बोटं मिटली. दोघंही रडत होते. दारात उभ्या गोरोबाला काही उमगलं नाही, आणि त्याला ते कधीच कुणी सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी महारुद्र गेला. पिस्टन त्याच्या उशाशी होता.

तेरावं झाल्यावर, लोहाऱ्याला परतण्याआधी, शिवांजली माझ्यापाशी आली आणि बॉनेटवर तळवा ठेवला. मी जीव एकवटला. एकच ठोका, एकच द्यायचा होता मला. नुसता पत्रा काय देणार? पण तिने हात काढला नाही, आणि तेव्हा मला तिच्या तळव्यातून कळलं. बारीक, एकसारखं, तिच्या नाडीचं ठकठक. आजवर ती माझं ऐकत आली होती. त्या दिवशी मी तिचं ऐकलं. मग ती बाळाला घेऊन एसटीला गेली.

मित्रांनो, गाड्या पुसा, तेल घाला, सावलीत उभ्या करा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी एवढंच मागते. कुणाच्या जिवाची वस्तू त्याच्या भल्यासाठी म्हणून बदलायला निघालात, तर आधी त्याला विचारा. आणि न विचारता बदललीत, चूक झाली, तर ती त्याच दिवशी सांगा. तुमचे दोन्ही हात चालत आहेत तोवर सांगा.